खुंटीवरचा गणवेश

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीत माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. मागच्या बाकावर बसून व्याकरणाच्या तासाला डुलक्या काढणारा हा मुलगा आता एका कारखान्यात हिशेबनीस आहे, एवढेच मला ठाऊक. त्या दिवशी पाहतो तो केस बारीक कापलेले, चेहरा रापलेला आणि पाठ काठीसारखी ताठ!

"काय रे, पोलिसांत शिरलास की काय?"

"नाही सर, शिबिराहून आलो. मी प्रादेशिक सेनेत आहे."

चहा येईपर्यंत त्याने सारी हकीकत सांगितली. वर्षाकाठी दोन महिने तो पलटणीत शिपाई असतो, उरलेले दहा महिने खातेवहीपुढे बसतो. या खेपेला परतल्यावर साहेबांनी टेबलाशी बोलावून घेतले आणि बजावले, "सैन्याची एवढी हौस असेल तर नोकरी सोडा, नोकरी करायची असेल तर हौस सोडा." आता पुढच्या शिबिरासाठी अर्ज द्यायचा होता, आणि हात धजावत नव्हता.

भाषा शिकवणाऱ्या माणसाला शब्द फार खटकतात. 'हौस' हा शब्द मला रात्रभर खटकत राहिला. पतंग उडवणे ही हौस, पत्ते कुटणे ही हौस. पण प्रसंग पडला तर देशाच्या कामी यावे म्हणून बंदूक धरायला शिकणे, हीही हौसच काय?

वाचकहो, ही रीत आपल्याला परकी नाही. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघावे आणि पावसाळ्याच्या तोंडी घरी परतून औत धरावे, असे कितीतरी मराठा शिपायांचे वर्ष उलटत असे. इंग्रजी अमलात ही घडी मोडली. १८७८ च्या शस्त्रास्त्र कायद्याने सामान्य माणसाच्या घरातले हत्यार काढून घेतले. फावल्या वेळात कवाईत शिकणाऱ्या स्वयंसेवक पलटणी त्या काळी होत्या. पण त्या मुख्यतः गोऱ्यांच्या आणि अँग्लो-इंडियनांच्या. हिंदी माणसाला त्यांचे दार बहुधा बंदच. म्हणून १८८६ साली कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनाने या स्वयंसेवक दलात आम्हालाही घ्या, अशी मागणी केली. आज ज्याला साहेब हौस म्हणतात, ते मिळावे म्हणून आपल्या वडीलधाऱ्यांनी अर्ज केले होते!

पहिल्या महायुद्धात सरकारची नड वाढली, तेव्हा १९१७ साली 'इंडियन डिफेन्स फोर्स' निघाले. लोकमान्य टिळकांनी तरुणांना त्यात जाण्याचा सल्ला दिला. सरकारशी उभा दावा मांडलेला हा पुरुष सरकारी सैन्यात जा म्हणतो, याचे तेव्हा अनेकांना नवल वाटले असेल. पण स्वराज्य मागणाऱ्याने ते राखण्याची विद्याही शिकली पाहिजे, हे त्यामागचे साधे गणित होते. पुढे १९२० साली दोन निराळे कायदे झाले: युरोपियन व अँग्लो-इंडियनांसाठी 'ऑक्झिलियरी फोर्स' आणि हिंदी लोकांसाठी 'टेरिटोरियल फोर्स'. देश एक, पण राखणदारांच्या पंगती दोन.

ही पंगतभेदाची रीत स्वराज्यात संपली. १९४८ साली प्रादेशिक सेनेचा कायदा झाला आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांनी या सेनेचे रीतसर उद्घाटन केले. तिचे ब्रीद आहे 'सावधानी व शूरता'. मराठीच्या मास्तराला त्यातला एकही शब्द बदलावा लागू नये, याचे मला भारी कौतुक वाटते.

या सेनेचा पहिला नियम मोठा गमतीचा आहे. इथे भरती व्हायचे तर माणसाला पोटापाण्याचा दुसरा उद्योग असावा लागतो. ही पोटासाठी केलेली नोकरी नव्हेच. शेतकरी, शिक्षक, कारकून, वकील यांनी आपापले काम सांभाळून शिकावे, आणि बोलावणे आले की खुंटीवरचा गणवेश चढवावा. नेहमीच्या सैन्याला स्थिर स्वरूपाच्या राखणकामातून मोकळे करणे, संकटात मुलकी सरकारला हात देणे आणि अत्यावश्यक सेवा चालू ठेवणे, ही तिची कामे. १९६२, १९६५ आणि १९७१ या तिन्ही युद्धांत तिच्या तुकड्या कामी आल्या. कोल्हापूर आणि पुणे येथे मराठा लाइट इन्फन्ट्रीशी जोडलेल्या तिच्या पलटणी आहेत, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक असेल?

सगळेच चित्र गुळगुळीत आहे असे मात्र नाही. १९७४ च्या रेल्वे संपात गाड्या चालत्या ठेवण्यासाठी प्रादेशिक सेनेच्या रेल्वे तुकड्या वापरल्या गेल्या. ज्याच्याबरोबर काल डबा खाल्ला, त्याचाच संप आज गणवेश घालून मोडायचा, या पेचात सापडलेल्या कामगाराच्या मनाचे काय झाले असेल? नागरिक आणि शिपाई एकाच अंगात राहतात, तेव्हा त्यांचे भांडणही त्याच अंगात होते. त्या सहा रेल्वे रेजिमेंटांपैकी पाच मोडण्याचा निर्णय २०२१ साली झाला.

उलट दुसरीकडे याच सेनेने बंदुकीबरोबर कुदळही उचलली. चुनखडीच्या खाणींनी मसुरीचे डोंगर उघडेबोडके केले होते. तिथे झाडे लावण्यासाठी १९८२ साली गढवालच्या माजी सैनिकांची पर्यावरण पलटण उभी राहिली. २०१७ साली आपल्या मराठवाड्यासाठीही अशी पलटण आली, ती महार रेजिमेंटशी जोडलेली. दुष्काळी माळावर रोप जगवायचे म्हणजे पहाऱ्यापेक्षा सोपे काम नव्हे! स्त्रियांसाठी वाट मोकळी व्हायला मात्र २०१८ उजाडावे लागले. कायद्यातल्या 'कोणतीही व्यक्ती' या शब्दांत स्त्रीही येते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने तेव्हा सांगितले. शब्दांचे महत्त्व असे असते!

आणि गरज? २०२५ च्या मे महिन्यात सीमेवर तोफा धडाडल्या, तेव्हा सरकारने प्रादेशिक सेनेला बोलावण्याचे अधिकार सेनाप्रमुखांना दिले आणि बत्तीस पायदळ पलटणींपैकी चौदा पलटणी सेवेत आणण्याचे ठरवले. त्या दिवसांत वर्तमानपत्रे वाचताना मला सारखा तो हिशेबनीसच आठवत होता. कुणाचे दुकान, कुणाची पेरणी, कुणाचा वर्ग तसाच टाकून ही माणसे निघायची होती. बोलावणे येते तेव्हा आपण त्यांच्या गळ्यात हार घालतो. शांततेच्या काळात दोन महिन्यांची रजा देताना मात्र आपल्या कपाळाला आठ्या पडतात. पण शांततेतली ती रजा नसेल, तर युद्धातला हा शिपाई यायचा कुठून?

कायदा करणाऱ्यांना हे कळत होते. लष्करी सेवेसाठी गेलेल्या माणसाला परतल्यावर पुन्हा कामावर घेणे हे मालकाचे कर्तव्य आहे, असे त्या कायद्यातच लिहिलेले आहे.

त्या दिवाळीत दुसऱ्या दिवशी सकाळी तो पोरगा पुन्हा आला. अर्जाचा मसुदा तपासून द्या म्हणाला. शुद्धलेखनाच्या चुका होत्याच. त्या मी दुरुस्त केल्या. शेवटी त्याने लिहिले होते, 'तरी माझी हौस लक्षात घेऊन कृपा करून रजा मंजूर व्हावी.'

मी तांबडी पेन्सिल घेतली. 'कृपा करून' खोडले. 'हौस' या शब्दावर काट मारली आणि वर लिहिले, 'कर्तव्य'.

"सर, साहेब चिडतील," तो म्हणाला.

"चिडू देत. अर्ज घेऊन मीही येतो तुझ्याबरोबर."

रजा मिळाली. चहाही मिळाला, त्यात साखर मात्र जरा कमीच होती.