चाकांवरचं घर घेताय? आधी कोपरा दाबून बघा

‘पार्किंगची जागा दाखवा, मगच नवी गाडी,’ असा सूर परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी मे 2025 मध्ये लावला, तेव्हा गिरगावात हशाच पिकला असणार. खोताच्या वाडीत स्कूटर वळवायची तरी लोकांच्या ओट्यावरच्या कुंड्या सांभाळाव्या लागतात. पण हौसेला मोल नसतं. त्यात राज्य सरकारनं 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. नवी परवडत नाही, म्हणून नजर जुनीकडे वळते.

मुंबईत जुनी म्हणजे बऱ्याचदा टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली, नाहीतर शूटिंगमधून निवृत्त झालेली व्हॅनिटी. व्हॅनिटीच्या नादी लागू नका, हे माझं सरळ मत. आरसे, सोफे, एसी बघून घरची मंडळी भुलतात. पण ती सजवलेली असते सेटवर दिवसभर उभी राहण्यासाठी, कसारा चढण्यासाठी नव्हे. मीटरवर किलोमीटर कमी दिसले तरी हुरळू नका; जनरेटर किती तास चाललाय ते विचारा.

इंजिन सगळेच तपासून घेतात. खरा घात पाणी करतं. वाडीतल्या लाकडी बंगल्यांत राहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको: एक कौल सरकलं की तुळई आतून कुजत जाते आणि वरचा रंग मात्र छान दिसतो. कॅरॅव्हॅनच्या छताला एसीसाठी, झरोक्यासाठी भोकं पाडलेली असतात. तिथलं सीलंट उन्हानं तडकतं आणि पाणी प्लायच्या मागे उतरतं. खिडकीखालचा कोपरा अंगठ्यानं दाबा. मऊ लागला, तर नमस्कार करून निघा. कपाटात डोकं घालून वास घ्या. एकाच भिंतीला नवाकोरा सनमायका असेल, तर त्यामागे काय झाकलंय ते विचारा. गाडी बघायला भर पावसात जा. उन्हाळा असेल तर छतावर अर्धा तास पाइप सोडायला लावा. मालक का कू करू लागला, तर उत्तर मिळालंच.

मग वजन. 100 लिटरची टाकी भरली की 100 किलो वाढले. पलंग, फ्रिज, बॅटऱ्या आणि माणसं वेगळीच. गाडी वजनकाट्यावर चढवा आणि आकडा आरसीतल्या कमाल वजनाशी ताडून पाहा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. उभ्या गाडीच्या टायरची नक्षी शाबूत राहते, रबर मात्र म्हातारं होतं. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारी जाळी हवीच.

कागद कंटाळवाणे, पण आरसीवर बॉडीचा प्रकार काय लिहिलाय तेवढं वाचाच. नोंद मालवाहू गाडीची आणि आत पलंग, असा मामला असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे फेरफाराची मंजुरी घेतली आहे का, ते पाहा. नसेल, तर अपघातानंतर विमा कंपनीला आयतं निमित्त मिळतं. कर्जाचा बोजा उतरलाय का, हे फॉर्म 29 आणि 30 वर सह्या होण्याआधी बघा. गाडी परराज्यातली असेल, तर तिथली एनओसी आणि इथला रोड टॅक्स हिशेबात धरूनच भाव करा.

आणि चक्कर मारायला मरीन ड्राइव्हला नेतील, तिथे जाऊ नका. टाकी भरून, चार माणसं बसवून बोरघाट चढा आणि उतरा. कपाटांची दारं आपोआप उघडतात का आणि उतरताना ब्रेकचा जळका वास येतो का, एवढं बघा.