मुक्या चित्राला आवाज देताना

कृष्णेच्या काठी, मग तो माहुलीचा घाट असो की सांगलीचा, समोरच्या तीरावर कोणी धुणे धूत असेल तर क्षणभर थांबून पाहावे. कपडा दगडावर आपटलेला आधी दिसतो आणि ‘धप्’ हा आवाज मागाहून येतो. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे धुणारा ८५ मीटर दूर असेल, तर आवाज पाव सेकंद उशिरा पोचणार. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी असतात. त्या हिशेबाने हा उशीर सहा चौकटींचा झाला.

हेच दृश्य कोणी कागदावर रेखाटून त्याचा कार्टूनपट केला, तर काय होईल? तेथे कपडा नाही, दगड नाही आणि हवाही नाही. तेथे ‘धप्’ आपोआप येत नाही; कोणीतरी तो निर्माण करून नेमक्या चौकटीवर बसवावा लागतो. जुन्या मूकपटाला नव्याने आवाज देणे हा म्हणूनच ध्वनिशास्त्राचा एक उत्तम पाठ आहे. तो वर्गात कसा घेता येईल ते आपण पाहू.

आपल्याकडे एकेक चौकट टिपून चलच्चित्र करण्याची सुरुवात दादासाहेब फाळक्यांनी केली. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ अशा रीतीने चित्रित केली होती. पुढे १९१५ साली त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केला. हा चित्रपट आज उपलब्ध नाही. प्रयोगासाठी आपण फ्रान्सच्या एमिल कोल यांचा १९०८ सालचा ‘फँटासमागोरी’ घेऊ. सुमारे ७०० चित्रांची ही फिल्म दोन मिनिटांच्या आत संपते. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषांचा एक विदूषक सतत रूपे पालटत राहतो. मध्येच तो खिडकीतून पडतो, त्याचे डोके धडावेगळे होते, चित्रकाराचा हात येऊन त्याला पुन्हा जोडतो आणि शेवटी तो घोड्यावर बसून निघून जातो. भारतीय कायद्यानुसार चित्रपटाचे स्वामित्व प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकते. त्यामुळे इतक्या जुन्या फिल्मवर प्रयोग करण्यास अडचण नाही. १९७४ सालच्या ‘एक अनेक और एकता’वर मात्र तो करू नये. विजया मुळे यांची ती फिल्म वसंत देसाईंच्या संगीतासह एकदा ऐकावी आणि एकदा आवाज बंद करून पाहावी. ध्वनीने किती काम केले आहे, ते लगेच ध्यानात येते.

पहिली पायरी तक्त्याची. फिल्म दोनतीनदा मुक्यानेच पाहून मुलांनी वहीत तीन रकाने आखावेत : कितव्या सेकंदाला, काय घडते, कोणता आवाज हवा. दुसरी पायरी थरांची. वातावरणाचा आवाज, कृतीचे आवाज आणि संगीत असे तीन थर वेगवेगळे मुद्रित करावेत. एकत्र मुद्रित केल्यास एक चुकला की सगळेच पुन्हा करावे लागते.

वातावरणाच्या आवाजाला आरंभ-शेवट जाणवता कामा नये. मिरजेच्या तंबोऱ्याचा अखंड नाद त्यासाठी सोयीचा. सातारच्या मुलांना चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या पात्यांचा लयीत येणारा सूं-सूं आवाज टिपता येईल. कृतीच्या आवाजांसाठी घरातल्या वस्तू पुरतात. नारळाच्या दोन करवंट्या फरशीवर आपटल्या की घोड्याच्या टापा होतात. सुपात जोंधळे फिरवले की पाऊस पडतो. वाळलेला कडबा मोडला की हाड मोडल्यासारखे वाटते. अमेरिकेत जॅक फोली पडद्याकडे पाहत पावले वाजवीत असत. त्यांचेच नाव आजही या कलेला आहे.

वर्गात मुद्रण करताना भिंती आडव्या येतात. टाळीचा आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि मूळ आवाजात मिसळतो. अशा वेळी भोवती दोनचार वाकळा टांगाव्यात. कापडात बराच ध्वनी शोषला जातो. मोबाइल वस्तूच्या जवळ ठेवावा. मोकळ्या जागी अंतर दुप्पट केले की ध्वनीची तीव्रता चौथा हिस्सा, म्हणजे ६ डेसिबल कमी होते. भिंतींवरून येणारा घुमारा मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणूनच दुरून मुद्रित केलेला आवाज ‘विहिरीतून आल्यासारखा’ वाटतो.

तिसरी पायरी जुळवणीची. आवाज किती मागेपुढे झालेला चालतो? दूरचित्रवाणी प्रसारणासाठी झालेल्या चाचण्यांवरून असे दिसते, की आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला तरी प्रेक्षकाच्या लक्षात येते. उशीर मात्र सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत खपून जातो. एक चौकट सुमारे ४२ मिलिसेकंदांची. म्हणजे आधी जेमतेम एक चौकट, मागाहून मात्र तीन. असा भेद का असावा? घाटावरचे धुणे आठवावे. निसर्गात प्रकाश आधी आणि आवाज नंतर, हा क्रम कधीच उलटत नाही. आपल्या मेंदूला उशिराची सवय आहे, घाईची नाही. १९२८ साली ‘स्टीमबोट विली’चे ध्वनिमुद्रण करताना डिस्नेच्या मंडळींनी फिल्मवरच ठेक्याच्या खुणा उमटवल्या होत्या. त्या पाहत वादकांनी ताल सांभाळला.

चित्राला आवाजाची जोड देण्याची कल्पना सांगलीला नवी नाही. येथे १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आणले. त्या परंपरेतला राक्षस राळेच्या भडक्यात ‘अललल डुर्र’ करीत येई. तो आवाज ऐकूनच प्रेक्षक दचकत. कान डोळ्याला सांगत असे, की आता भ्यायचे आहे.

नेमके येथेच शिक्षकांनी थांबावे असे आम्हांला वाटते. विदूषकाचे डोके तुटते त्या चौकटीवर एका गटाला पिपाणी वाजवू द्यावी, दुसऱ्याला कडबा मोडू द्यावा आणि तिसऱ्याला काहीच वाजवू नये असे सांगावे. चित्र तेच, पण एकदा हसू येते, एकदा अंगावर काटा येतो आणि एकदा आपण गोंधळतो. रेषा बदललेली नाही. बदलला तो तिचा अर्थ.

विज्ञानाच्या शिक्षकाला ही गोष्ट सोडून चालणार नाही. अंतराळातला स्फोट दाखवताना गडगडाट ऐकवतात. तेथे ध्वनी वाहून नेणारी हवाच नाही. दुरून टिपलेल्या प्राण्याच्या पावलांचा आवाज पुष्कळदा नंतर खोलीत बसून केलेला असतो. उगवत्या अंकुराच्या चित्राला कोणी बारीक ‘चुर्र’ असा आवाज जोडला, तर अंकुर आवाज करतो असे मूल खुशाल मानील. त्यात मुलाचा दोष नाही. दिसणे आणि ऐकू येणे एकाच क्षणी घडले की दोन्ही एकाच वस्तूतून आले, असे मेंदू धरून चालतो. ज्या मुलाने स्वतः करवंट्यांच्या टापा वाजवल्या आहेत, ते मूल मात्र पुढच्या वेळी विचारील, “गुरुजी, हा आवाज खरा आहे की केलेला?”

हा प्रश्न वर्गात उमटला, की ध्वनीचा पाठ पूर्ण झाला असे समजण्यास हरकत नाही. मुलांनी केलेल्या फिल्मच्या शेवटी कोणता आवाज कशापासून केला याची यादी मात्र आवर्जून लिहावी. प्रयोगवहीत साहित्य लिहितो, तसेच हे आहे.