घरची भाजी

डोंबिवली हे ठाणे जिल्ह्यातले मोठे शहर. पूर्वी ते लहान गाव होते. चोहीकडे भाताची खाचरे. घरामागे परस. परसात अळू, मिरची, शेवगा. मांडवावर घोसाळी. पुढे वस्ती वाढली. खाचरांच्या जागी चाळी आल्या, मग इमारती आल्या. परस गेले आणि भाजी विकतची झाली.

विकतची भाजी वाईट असते असे आम्ही म्हणत नाही. शेतकरी ती कष्टाने पिकवतो. पण ती कोणत्या पाण्यावर वाढली, ते आपल्याला कळत नाही. डोंबिवलीहून लोकलने मुंबईकडे जाताना रुळांच्या कडेला पालकाचे आणि माठाचे हिरवेगार वाफे कित्येक वर्षे दिसत. पुष्कळ ठिकाणी त्यांना जवळच्या नाल्याचे पाणी घालत. नाल्यात संडासाचे पाणी येते, कारखान्यांचेही येते. त्यात शिसे असू शकते. पालेभाजी ते मुळांवाटे ओढून घेते. भाजी धुतली की वरची घाण जाते. आतले शिसे मात्र जात नाही. लहान मुलांच्या मेंदूला ते फार घातक असते.

घरच्या भाजीला पाणी आपणच घालतो. आमच्या मते हाच तिचा मोठा फायदा. चार पैसे वाचतात, ते वेगळेच.

मग लावायचं काय? मेथीपासून सुरुवात करा. बी स्वयंपाकघरातच असते. फुटके मडके किंवा तेलाचा रिकामा डबा घ्या. तळाला भोके पाडा, म्हणजे पाणी साचणार नाही. तीन-चार आठवड्यांत भाजी काढता येते. मुंबईत तर समुद्राकाठच्या रेतीतही बारीक मेथी पिकवतात. तिला समुद्रमेथी म्हणतात.

खताला पैसे घालवू नका. भाजीची देठे, साले, सुका पाला मातीत कुजवा. कल्याण-डोंबिवलीचा कचरा वर्षानुवर्षे आधारवाडीला पडत होता. त्याचा डोंगर झाला. २०२१ साली तिथे कचरा टाकणे बंद झाले. त्या डोंगरात किती घरांचे खत फुकट गेले असेल!

जागतिक आरोग्य संघटना सांगते की, मोठ्या माणसाने रोज निदान ४०० ग्रॅम भाजी आणि फळे खावी. बटाटा त्यात धरत नाहीत. शहरातल्या गॅलरीत एवढी भाजी होणार नाही, हे खरे. गावात तुमच्याकडे परस असेल, तर पुष्कळ होईल. पावसाच्या तोंडावर शेवग्याची जाड फांदी रोवा. शेंगांना धीर धरावा लागतो, पण पाला लवकर मिळतो. त्याची भाजी अंगी लागते. फक्त झाड छपराला लागून नको. लाकूड ठिसूळ असते, वाऱ्यात मोडते.

मोरीच्या पाण्यावर अळू लावा. भांडी-भाजी धुतलेले पाणी चालेल, साबणाचे नको. आणि अळू शिजवताना चिंच किंवा आमसूल घालायला विसरू नका, नाहीतर घसा खाजेल.