धूर की वाफ? जुन्या गाडीच्या बॉनेटखालचा कार्यकारणभाव



तर्कशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने गाडीच्या बॉनेटखाली डोकं घालावं, हे तुमच्यापैकी काहींना विचित्र वाटेल. आमच्या घरच्यांना तर ते अजूनही वाटतं. (हशा) पण वर्गात जन्मभर जे फळ्यावर लिहिलं, ते आम्हाला खऱ्या अर्थाने कळलं ते द्वारका परिसरातल्या एका गॅरेजच्या दारात, उलट्या ठेवलेल्या ऑइलच्या डब्यावर बसून. त्याची ही हकीकत आहे.

आधी थोडं शास्त्र. न्यायदर्शनातलं डोंगरावरच्या धुराचं उदाहरण सर्वांना ठाऊक असतं. आपण पांडवलेण्यांच्या डोंगराकडे पाहतो, धूर दिसतो, आणि तिथे अग्नी आहे असं अनुमान करतो. इथवर ठीक. हेच उलटं करून बघा. अग्नी आहे, म्हणून धूर असणारच? नाही. लोहाराच्या भट्टीतून काढलेला लाल गोळा अग्नीच आहे, पण त्याला धूर नाही. धूर यायला सरपण ओलं असावं लागतं. ही जी लपलेली अट, तिला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. बौद्ध तर्कग्रंथांत याच्याही अलीकडची एक अडचण सांगितली आहे. डोंगरावर जे दिसतं तो धूर आहे की वाफ, हेच जर नक्की नसेल, तर त्यावरून अग्नी सिद्ध कसा करणार?

आता बॉनेट उघडू. गाडीच्या तोंडातून पांढरं काहीतरी येतंय, मागची मंडळी हॉर्न वाजवतायत, आणि चालक ओरडतो, ‘धूर! धूर!’ बहुतेक वेळा ती वाफ असते. गोडसर वास आला तर कूलंट उकळतंय किंवा गळतंय. जळक्या तेलाचा वास आला तर हेडकव्हरमधून झिरपलेलं ऑइल तापलेल्या एक्झॉस्टवर पडतंय. आणि वायरच्या रबराचा उग्र वास आला तर मात्र तो खरा धूर. तेव्हा किल्ली बंद करायची आणि हात पोचत असेल तर बॅटरीची तार सोडवायची. पाणी ओतायचं नाही. एकाच रंगाची तीन दृश्यं आणि तीन वेगळी कारणं. नाकाचा उपयोग इथे डोळ्यांपेक्षा जास्त.

वाफ असेल तर रेडिएटरचं झाकण उघडू नका. ते झाकण म्हणजे प्रेशर कुकरची शिट्टी. साध्या हवेत पाणी 100 अंशांना उकळतं, पण हवेचा दाब दुप्पट झाला की 120 अंशांपर्यंत उकळत नाही. म्हणून आत शंभराच्या वर तापलेलं पाणी शांत बसलेलं असतं. झाकण फिरवलं की दाब जातो आणि ते सगळं क्षणात उसळून अंगावर येतं. आमच्या उजव्या मनगटावर त्याचा दाखला आहे, व्याख्यानानंतर दाखवू.

आता उपाधीकडे. पूर्वी मुंबईहून नाशिकला येताना कसारा घाटात, मे महिन्यात, प्रीमियर पद्मिनी गाड्या बाजूला उभ्या असायच्या. बॉनेट उघडं आणि पेट्रोल पंपावर ओलं फडकं. आमच्या पिढीने हे दृश्य शेकड्यांनी पाहिलं आहे. पंप इंजिनालाच बसवलेला. चढावर इंजिन तापलं की पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होते. पंपाचा पडदा द्रव ओढू शकतो, वाफ ओढणं त्याला जमत नाही. गाडी बंद. फडकं टाकायचं, अर्धा तास चहा प्यायचा, गाडी सुरू. निदान झालं, ‘व्हेपर लॉक’.

पण खरंच झालं का? इग्निशन कॉइल म्हातारी झाली की तीही तापल्यावर दगा देते आणि थंड झाल्यावर चालू होते. लक्षण हुबेहूब तेच. अर्ध्या तासात पंपही थंड झाला आणि कॉइलही. मग गुण फडक्याचा की वेळेचा? त्या चहाने काहीच सिद्ध होत नाही. सिद्ध करायचं तर गाडी बंद पडलेली असतानाच, लगेच, दोनांतली एकच गोष्ट बदलायला हवी. प्लगच्या तारेला जादा प्लग लावून तो इंजिनाला टेकवायचा आणि दुसऱ्या माणसाने स्टार्टर मारायचा. हे पेट्रोलपासून लांब आणि प्लगला उघड्या हाताने न धरता. ठिणगी जोरदार असेल तर कॉइल निर्दोष, पंपाकडे वळा. ठिणगीच नसेल तर पंपावर कितीही ओली फडकी टाका. जॉन स्टुअर्ट मिलने 1843 च्या ग्रंथात जिला भेदाची पद्धत म्हटलं आणि आपल्याकडे ज्याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात, ती हीच.

हे सगळं आम्ही वर्गात शिकवत होतो. आणि स्वतःच्या गाडीच्या बाबतीत साफ विसरलो.

आमच्याकडे 1997 ची मारुती आठशे आहे. तीन सिलिंडर, 796 सीसी, कार्बोरेटरवाली. 2022 साली तिची नोंदणी तिसऱ्यांदा नूतनीकरणाला आली. त्या एप्रिलपासून पंधरा वर्षांवरच्या खासगी मोटारीचं नूतनीकरण शुल्क 600 रुपयांवरून 5,000 झालं होतं, तेव्हा पैसे भरायचे की गाडी मोडीत काढायची हा प्रश्न घरात होताच. त्यात ती तापू लागली. एका गॅरेजमध्ये नेली. ‘काय होतंय?’ ‘गरम होते.’ एवढंच आम्ही सांगितलं. डिसेंबरात त्यांनी रेडिएटर बदलला. जानेवारीभर काटा जागेवर. आम्ही खूश! नाशिकची थंडी आम्हाला दिसली नाही. कावळा बसला आणि फांदी मोडली, आणि आम्ही कावळ्याचं बिल भरलं. (हशा) मार्चमध्ये पुन्हा काटा वर. मग वॉटर पंप बदलला. मग थर्मोस्टॅट काढून टाकला. ही आपल्याकडची लाडकी खोड आहे. थर्मोस्टॅट काढला की इंजिन थंडीत वेळेवर तापत नाही आणि पेट्रोल जास्त पितं. मूळ रोग तसाच राहतो. शेवटी मुंबई नाक्यावरच्या खोळंब्यात काटा लाल रेषेला टेकला आणि आम्ही ‘घर जवळ आहे’ म्हणून तशीच दामटली. गॅस्केट उडालं. हेड अ‍ॅल्युमिनियमचं, ते वाकलं. गॅरेजने सांगितलं, ‘सर, इंजिन संपलं. आता काढून टाका.’

ही गाडी आमच्या पत्नीने चालवायला शिकलेली पहिली आणि एकमेव गाडी. तिला दुसरी नको होती. म्हणून आणखी एका मिस्त्रींना दाखवायचं ठरलं.

त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. विचारलं, ‘तापते ती उभी असताना की पळताना?’ आम्ही आठवू लागलो. हायवेला कधीच नाही. सिग्नलला, खोळंब्यात, नेहमी. ते म्हणाले, ‘मग रेडिएटर कशाला बदलला?’

मंडळी, उपाधी ही. गाडी पळते तेव्हा वारा आपोआप जाळीतून जातो. रेडिएटर तुंबला असेल तर वेगात आणि चढावर आधी तापायला हवी, कारण उष्णता तिथे जास्त होते. थांबल्यावरच तापते म्हणजे वारा नाही, म्हणजे संशयित विजेचा पंखा. हे कळायला एक पैसाही लागत नव्हता.

पंखा आधीच्या गॅरेजनेही तपासला होता, आणि तो फिरला होता. पण कधी? गाडी थंड असताना, थेट तार लावून. मिस्त्रींनी हेड फेसिंग करून आणलं, नवं गॅस्केट टाकलं, पाणी काढून कूलंट भरलं, थर्मोस्टॅट परत बसवला. मग गाडी उन्हात उभी करून चालू ठेवली आणि आम्हाला त्या डब्यावर बसवलं. वीस एक मिनिटांनी काटा मध्याच्या वर सरकला. पंखा गप्प. त्यांनी कोरड्या काठीने पंख्याच्या मोटारीचं सॉकेट एका बाजूला दाबलं. पंखा फिरला. काठी काढली, थांबला. पुन्हा दाबली, फिरला. पुन्हा काढली, थांबला. आमच्याकडे बघून हसले. सॉकेटमधल्या पिनांवर हिरवा थर होता, आणि तापल्यावर प्लॅस्टिक सैल होऊन जोड सुटत होता.

चाळीस रुपयांचं सॉकेट. हेडचा खर्च आम्ही इथे सांगत नाही, पत्नी समोर बसली आहे. (हशा)

जाताना त्यांनी आणखी एक काम दिलं. रोज सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, टाकीतल्या कूलंटची पातळी बघायची आणि ऑइलचं झाकण उघडून आत बघायचं. आतून दुधाळ, चहासारखा थर दिसला तर पाणी ऑइलमध्ये जातंय, गॅस्केट पुन्हा गेलं. पावसाळ्यात, जवळच्याजवळ फिरणाऱ्या गाडीत, झाकणाला नुसत्या दमटपणानेही थोडा तसा थर येतो. म्हणून एवढ्यावर घाबरायचं नाही, कूलंटही कमी होतंय का ते जोडीला पाहायचं. आम्ही वहीत तारखेनिशी लिहितो. पातळी अजून तिथेच आहे, 5,000 रुपये भरले, आणि जुना रेडिएटर आम्ही त्या पहिल्या गॅरेजमध्ये सोडून आलो होतो. तो चांगला होता.