मित्रबुरशी आणि गिरणाकाठची शेती

गिरणा आणि मोसम यांच्या संगमावर वसलेल्या मालेगावची कीर्ती यंत्रमागांमुळे दूरवर पसरली असली, तरी तालुक्यातील खेड्यांचा जमाखर्च मका, कांदा, बाजरी आणि डाळिंब यांच्यावरच चालतो. आणि म्हणूनच मूळची अमेरिका खंडातील, २०१६ साली आफ्रिकेत व २०१८ साली कर्नाटकात प्रकट झालेली लष्करी अळी महाराष्ट्राच्या मक्यात शिरली, तेव्हा या इलाख्यातील शेतकऱ्याने तिची धास्ती घ्यावी हे स्वाभाविकच होते. तिच्यावर विषारी औषधांचा मारा पुष्कळ झाला. परंतु दमट हवेत काही अळ्या पानांवर ताठ होऊन मरतात आणि त्यांच्या अंगावर प्रथम पांढरी व मागाहून फिकट हिरवी बुरशी चढते, या दृश्याकडे जावे तितके लक्ष गेले नाही. मेटारायझियम रायली नावाची ही बुरशी कोणी न फवारताही आपले कार्य करीत असते.

कीटकांच्या या व्याधीचे ज्ञान रेशमाच्या धंद्यावरील संकटातून उपजले. रेशीमकिड्यांना चुन्यासारखे पांढरे करून मारणारा रोग बुरशीमुळे होतो, हे इटलीतील आगोस्तिनो बास्सी यांनी १८३५ साली, म्हणजे पाश्चर आणि कॉख यांच्या जंतुसिद्धांतापूर्वीच, दाखवून दिले. त्या बुरशीचे आजचे नाव बिव्हेरिया बॅसियाना. पुढे १८७९ साली मेच्निकोव्ह यांनी ओदेसाच्या परिसरात गव्हावरील भुंगेऱ्यांच्या हिरव्या बुरशीचा अभ्यास करून तिचाच कीडनाशासाठी उपयोग करण्याची कल्पना मांडली. आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत तुरीवरील घाटेअळीच्या संदर्भात मेटारायझियमवर संशोधन झाले.

अशा बुरशीला किडीच्या पोटात जावे लागत नाही, हे तिचे मोठे वैशिष्ट्य. बीजाणू त्वचेला चिकटतो, ओलावा मिळताच अंकुरतो, विकरांच्या साहाय्याने कवच भेदून आत शिरतो आणि थोड्याच दिवसांत यजमानाचा अंत करतो; म्हणूनच पानाचा रस शोषणारे मावा व पिठ्या ढेकूणही तिच्या तावडीत सापडतात. परंतु ती सजीव आहे, आणि आपल्या व्यवहारात नेमका याचाच विसर पडतो. पर्जन्यछायेतील मालेगावच्या भर उन्हात केलेली फवारणी बीजाणूंच्या मुळावर येते. ती सायंकाळी, लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम या प्रमाणात, थेट मक्याच्या पोंग्यात करावी लागते. डाळिंब आणि कांदा यांच्यावर बुरशीनाशकांच्या फवारण्या वरचेवर होतात, आणि त्यांच्या जोडीला मित्रबुरशी दिल्यास तिचाही नाश होतो. पत्र्याच्या छपराखाली उन्हाळाभर तापलेले पाकीट घेऊन फवारणी करावी आणि गुण आला नाही म्हणून उपायालाच दोष द्यावा, हा अन्याय मला फार खटकतो. विक्रेत्यांना परवाना देताना शीत साठवणुकीची सक्त तजवीज सरकारने करावयास हवी. तुतीच्या मळ्याजवळ मात्र बिव्हेरिया फवारू नये. रेशीमकिडा तिचे जुने भक्ष्य आहे.

उन्हाची ही अडचण जमिनीत उरत नाही. ऊस व भुईमूग यांची मुळे खाणाऱ्या हुमणीसाठी मेटारायझियम शेणखतात मिसळून ओलसर मातीत देतात. त्याच वेळी, वळिवाच्या सरींनंतर तिन्हीसांजेला कडुनिंब व बाभळीवर जमणारे हुमणीचे भुंगेरे गावाने मिळून गोळा करून नष्ट केले, तर अंडी घालणाऱ्या माद्याच कमी होतात आणि बुरशीपुढचे काम पुष्कळ हलके होते.