रम

रम : उसाच्या रसापासून अथवा साखर काढून घेतल्यावर उरणाऱ्या मळीपासून किण्वन (आंबविणे) व ऊर्ध्वपातन या क्रियांनी तयार केलेले मद्य. वेस्ट इंडीज बेटांवर सतराव्या शतकात उसाच्या मळ्यांबरोबर हा धंदा वाढला. तेथील जमेकाची रम तीव्र सुगंधासाठी प्रसिद्ध असून मिश्रपेयांसाठी (कॉकटेल) तिला विशेष मागणी असते. महाराष्ट्र हाही मळीचा प्रदेश आहे. तथापि येथील मळीच्या मद्याला तो सुगंध येत नाही. याचे कारण कच्च्या मालात कमी आणि कृतीत अधिक आहे.

एक टन उसामागे सु. ४० किग्रॅ. मळी मिळते. ती पाण्याने विरल करून तीत संवर्धित यीस्ट घातले, की किण्वन एक-दोन दिवसांत उरकते. नंतर उंच स्तंभांतील ऊर्ध्वपातनाने सु. ९६% तीव्रतेचा मद्यार्क मिळतो. त्यात मळीचा गंध जवळजवळ उरत नाही. भारतात खपणाऱ्या बऱ्याचशा गडद रम अशा मद्यार्कावर आधारलेल्या असून त्यांचा रंग पुष्कळदा जाळलेल्या साखरेचा असतो. म्हणून रंगावरून मुरवणीचा अंदाज बांधू नये.

जमेकाची जुनी रीत याच्या उलट आहे. हॅम्पडेनसारख्या भट्टीत परिसरातील रानटी यीस्टवर भिस्त ठेवून किण्वन एक-दोन आठवडे, कधी त्याहूनही अधिक काळ, चालू देतात. मागील ऊर्ध्वपातनानंतर तळाशी उरलेला आंबट द्रव (डंडर) नव्या घाण्यात मिसळतात. सूक्ष्मजंतूंमुळे त्यात ब्युटिरिकसारखी अम्ले तयार होतात. ही अम्ले स्वतः दुर्गंधी असली, तरी मद्यार्काशी संयोग होऊन त्यांची एस्टरे बनतात आणि एस्टरांचा वास पिकल्या केळ्याचा वा अननसाचा असतो. तांब्याच्या पात्रातील ऊर्ध्वपातनात हा गंध टिकून राहतो. एस्टरांचे प्रमाण १०० लिटर शुद्ध मद्यार्कामागे ग्रॅममध्ये मोजतात. सौम्य प्रकारांत ते ८० ते १५० असते, तर अतितीव्र प्रकारांत १,६०० पर्यंत जाते. असली अतितीव्र रम सहसा तशीच पीत नाहीत. ती इतर मद्यांत थोडी मिसळतात.

पुण्याजवळील मांजरी येथे सहकारी साखर कारखान्यांनी १९७५ मध्ये साखर संशोधनासाठी संस्था स्थापन केली. १९८९ पासून ती वसंतदादा साखर संस्था या नावाने ओळखली जाते. मद्यार्काचे तंत्रविज्ञानही तेथे शिकविले जाते. महाराष्ट्रातील कारखानदारीच्या दृष्टीने मुख्य प्रश्न मळीतून अधिकाधिक मद्यार्क काढण्याचा व उरलेल्या द्रवाच्या विल्हेवाटीचा आहे. एक लिटर मद्यार्कामागे ८ ते १५ लिटर असा द्रव निघतो. कारखान्यात त्यास स्पेंटवॉश म्हणतात आणि तो नदीनाल्यांत गेल्यास पाण्यातील प्राणवायू संपवतो. जमेकात ज्याचा थोडा भाग रमच्या सुगंधाचे मूळ ठरतो, तेच येथे प्रदूषणाचे मूळ ठरले आहे. उत्पन्नाच्या हिशेबाने येथील पद्धत योग्यच आहे, कारण लांबलेल्या किण्वनात साखरेचा काही भाग मद्यार्काऐवजी अम्लांकडे जातो. सुगंधी रम मात्र या हिशेबात बसत नाही.

परीक्षण : मिश्रपेयासाठी भारी किंमतीची, दीर्घकाळ मुरविलेली रम आवश्यक नसते. जमेकात सर्वत्र मिळणारी रे अँड नेफ्यूची पांढरी रम ६३% तीव्रतेची आहे. तशी रम प्रथम तेवढ्याच पाण्याने विरल करावी. तोंडाशी निमुळता पेला घेऊन वास थोड्या अंतरावरून घ्यावा, अन्यथा मद्यार्काच्या झोंबण्याने नाक बधिर होते. फळांच्या वासामागे रोगणासारखा वास किंचित असल्यास तो दोष नव्हे; तोच वरचढ झाल्यास मात्र रम सदोष समजावी. मग छोटा घोट जिभेवर फिरवून थुंकावा व गंध किती वेळ रेंगाळतो ते पाहावे.

खरी कसोटी यानंतरची. ६० मिलि. रममध्ये ३० मिलि. लिंबाचा रस व २० मिलि. साखरेचा पाक घालून बर्फासह हलविल्यास पेयाची तीव्रता २० टक्क्यांच्याही खाली येते. इतक्या विरलतेत व आंबटपणात नुसत्या मद्यार्काच्या रमचा गोडवा तेवढा उरतो, तर एस्टरयुक्त रम लिंबामागूनही ओळखू येते. मुरवणीने आलेले ओक लाकडाचे नाजूक गंध अशा पेयात बहुधा दबतात. म्हणून त्यांसाठी जादा पैसे मोजणे व्यर्थ होय.

मद्यात लिंबू व साखर मिसळण्याची चाल आपल्या किनाऱ्यावरही जुनी आहे. १६७२–८१ या काळात भारत व इराणमध्ये फिरलेला इंग्रज वैद्य जॉन फ्रायर याने गोव्यातील नेरूळच्या अराकची वाखाणणी केली आहे. त्यापासून इंग्रज लोक ‘पंच’ हे पेय करीत आणि त्यातील घटक पाच असल्याने त्याला ते नाव पडले, असे त्याने १६९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवृत्तात नोंदविले आहे. जमेकात पुढे त्याच नावाच्या पेयात अराकची जागा रमने घेतली.