कंपनी काढली म्हणून सुटका नाही! जनावरांच्या धंद्यात कायदा कोणाला धरतो?



शेळीपालन, डेअरी, पोल्ट्री, पेट शॉप. यातला कुठलाही धंदा सुरू करणाऱ्याचा एक प्रश्न ठरलेला असतो: "सर, धंदा प्रायव्हेट लिमिटेडच्या नावावर केला, तर जनावराच्या छळाची केस माझ्यावर येणार नाही ना?"

सरळ सांगतो. कंपनीवर तर येतेच, तुमच्यावरही येऊ शकते. पूर्णा, परभणी, नांदेड या आपल्या पट्ट्यात कर्ज काढून जनावरं घेणाऱ्यांनी तर हे आधीच समजून घ्यायला पाहिजे. व्हिडिओत घाईत सांगितलं होतं, इथे निवांत बघू.

१) कंपनीवर केस होते का?

होते. मुख्य कायदा म्हणजे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा. त्याच्या कलम ११ मध्ये मारहाण, झेपणार नाही एवढं ओझं, आजारी जनावराला कामाला जुंपणं, गाडीत त्रास होईल असं कोंबून नेणं, पुरेसा चारा-पाणी-निवारा न देणं, असे बरेच प्रकार आहेत. हा कायदा म्हणतो "कोणतीही व्यक्ती". आणि १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टप्रमाणे 'व्यक्ती' या शब्दात कंपनीसुद्धा येते.

"पण कंपनीला जेलमध्ये कसं टाकणार?" हा युक्तिवाद सुप्रीम कोर्टात होऊन गेला आहे. २००५ साली स्टँडर्ड चार्टर्ड बँकेच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने बहुमताने सांगितलं की कैद देता येत नाही म्हणून कंपनी खटल्यातून सुटत नाही, तिला दंड करता येतो. तो खटला जनावरांचा नव्हता, पण तत्त्व सगळ्या कंपन्यांना लागू आहे.

२) चूक ड्रायव्हरची, मग मालक का अडकतो?

इथे नीट लक्ष द्या. या कायद्यात 'मालक' म्हणजे फक्त ज्याच्या नावावर पावती आहे तो नाही. त्या वेळी ज्याच्या ताब्यात जनावर आहे, तोही मालक. म्हणजे शेळ्या तुमच्या, पण टेम्पो दुसऱ्याचा असेल तर तुम्ही दोघंही त्यात आलात.

कलम ११ चं पोटकलम २ त्याच्याही पुढे जातं. असा गुन्हा होऊ नये म्हणून मालकाने वाजवी काळजी आणि देखरेख ठेवली नसेल, तर गुन्हा त्यानेच केला असं धरलं जातं. "मी तर दुकानात होतो, मला माहीतच नव्हतं" एवढ्यावर भागत नाही. एक सवलत आहे: फक्त देखरेखीत कमी पडल्यामुळे दोषी ठरलात, तर दंडाचा पर्याय न देता थेट कैद देता येत नाही.

३) डायरेक्टरचं काय?

नुसतं डायरेक्टर म्हणून नाव आहे, एवढ्यावर माणूस आपोआप आरोपी होत नाही. सुनील भारती मित्तल खटल्यात २०१५ साली सुप्रीम कोर्टाने हेच स्पष्ट केलं. त्याचा स्वतःचा सहभाग आणि हेतू दिसला पाहिजे, नाहीतर कायद्यात तशी तरतूद पाहिजे.

वन्यजीव कायद्यात (१९७२) तशी तरतूद आहे. पेट शॉपमध्ये स्टार कासव सापडलं, तर कलम ५८ प्रमाणे कंपनी आणि धंदा सांभाळणारा माणूस दोघंही दोषी धरले जातात. आपल्याला माहीत नव्हतं किंवा आपण पूर्ण खबरदारी घेतली होती, हे त्यालाच सिद्ध करावं लागतं.

आणि आपल्याकडची बहुतेक दुकानं प्रोप्रायटरशिप. तिथे धंदा आणि तुम्ही वेगळे नाहीच.

४) दंड तर पन्नास रुपये, मग भ्यायचं कशाला?

खरं आहे. कलम ११ खाली पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड. तीन वर्षांत पुन्हा झाला तर २५ ते १०० रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण धंदा दंडाने बुडत नाही, बाकीच्या खर्चाने बुडतो.

जनावरं जप्त होऊन गोशाळेत किंवा पांजरपोळात जातात. २०१७ च्या नियमांप्रमाणे त्यांच्या वाहतुकीचा, उपचाराचा आणि सांभाळाचा खर्च गाडीमालक, माल पाठवणारा, घेणारा या सगळ्यांवर मिळून येतो. गाडीसुद्धा अडकते. इकडे बँकेचा हप्ता मात्र सुरूच!

डेअरीवाल्यांसाठी कलम १२ तर फारच कडक आहे. दूध वाढवायला जनावराच्या तब्येतीला घातक असं इंजेक्शन दिलं, तर १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि ते जनावर सरकारजमा.

संस्थेचं नाव कितीही मोठं असो, ताबा जाऊ शकतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणी मठाची महादेवी हत्तीण आठवा. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिला जामनगरला हलवायला मान्यता दिली, सुप्रीम कोर्टानेही तो आदेश कायम ठेवला. त्या वादात कोणाचं बरोबर, यात आपण पडत नाही. कोर्टाने जनावराचं हित आधी बघितलं, एवढं लक्षात ठेवा.

५) मग करायचं काय?

"वाजवी काळजी" ही कागदावर दिसली पाहिजे. चार कामं करा:

• गाडीचं गणित आधी मांडा. मोटार वाहन नियमांप्रमाणे एका शेळीला ०.३ चौरस मीटर आणि गायी-म्हशीला २ चौरस मीटर जागा लागते. ७ बाय ५ फुटांचा हौदा म्हणजे साधारण ३.२५ चौरस मीटर. त्यात शेळ्या बसतात दहा, म्हैस एकच. "एवढ्यात वीस मावतील" म्हणणाऱ्या ड्रायव्हरला तिथेच थांबवा. जनावरं नेणाऱ्या गाडीला आरटीओचा वेगळा परवानाही लागतो, तो बघूनच भाडं ठरवा.

• लांबच्या प्रवासाआधी पशुवैद्यकाकडून जनावर प्रवासाला योग्य असल्याचा दाखला घ्या. शंका असेल तर सरकारी दवाखान्यात विचारा, परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे.

• कामगार आणि ड्रायव्हरला सूचना लेखी द्या, सही घ्या. किती जनावरं, पाणी कुठे पाजायचं, आजारी पडलं तर फोन कोणाला, सगळं त्यात लिहा.

• चारा, लस, उपचार, मरतुक यांचं रजिस्टर रोजच्या रोज भरा. पेट शॉप असेल तर राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केल्याशिवाय शटर उघडू नका.

यातल्या बऱ्याच गोष्टींना एक वही आणि रोजची दहा मिनिटं पुरतात. शिवाय नीट नेलेली शेळी बाजारात वजन राखून उतरते, म्हणजे कायदा पाळला तरी घाटा तुमचा होत नाही.

नोटीस आलीच, तर नेटवर वाचून उत्तर देऊ नका. रजिस्टर घेऊन आधी वकिलाकडे जा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा करा, पण नीट करा!